दादा, ते वाक्य मी परत घेते

प्रिय दादा,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे ठीक आहोत. हे मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची तीन पुसून टाकली, कारण तिन्हीची सुरुवात "दादा, मी तुला माफ केलंय" अशीच व्हायची आणि दोन ओळी पुढे गेलं की हात थांबायचा, आपण काहीतरी खोटं लिहितोय असं वाटायचं, पण नक्की काय खोटं ते कळत नव्हतं. ते आत्ता कुठे कळलंय. फोन केला असता, पण फोनवर मी रडायला लागते आणि मी रडले की तू लहानपणापासून "असू दे, असू दे" करून विषयच बंद करतोस. आणि तसंही ह्या चार वर्षांत आपण फोनवर बोललो कितीदा रे, आईशी बोलताना तू मध्ये आलास तर "बरी आहेस ना", "हो", झालं.

बाबा गेले त्या सकाळी मी जे बोलले ते वाक्य तुला पाठ असेल. मला तर आहेच. "तू रात्रीच नेलं असतंस तर आज बाबा असते." फोन स्पीकरवर होता, आई ऐकत होती, वहिनी ऐकत होती, खोलीत अजून कोण कोण होतं मला माहीत नाही. तू काहीच बोलला नाहीस. पलीकडे एकदम शांत झालं, मग वहिनीने फोन घेतला आणि म्हणाली नंतर बोलू. त्या शांततेचा मी इतकी वर्षं एकच अर्थ लावला, की बघा, ह्याच्याकडे उत्तर नाहीये म्हणजे ह्याचीच चूक आहे. वडील जाऊन तीन तास झालेत, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, अशा माणसाकडे कसलं उत्तर असणार हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही दादा.

आता जे सांगते ते आईलाही आत्तापर्यंत सांगितलेलं नाही, उगाच काळजी करत बसली असती. मागच्या फेब्रुवारीत एका रात्री दीडच्या सुमाराला हे उठून बसले, छातीत डावीकडे दुखतंय म्हणाले, खांद्यापर्यंत जातंय. आणि मी, जिने बाबांनंतर हार्ट अटॅकची सगळी लक्षणं तोंडपाठ करून ठेवलीयत, त्या मी उशीवरून डोकंसुद्धा न उचलता म्हणाले, "अ‍ॅसिडिटी असेल, झोपा आता, सकाळी बघू." सकाळी बघू! तोंडातून शब्द गेले आणि मग ते मला ऐकू आले. ताडकन उठले, ह्यांना घेऊन हॉस्पिटलला गेलो, ईसीजी झाला, रक्त तपासलं, पहाटेपर्यंत थांबवून घेतलं आणि शेवटी स्नायू दुखावलाय एवढंच निघालं. ह्यांचा जीव भांड्यात पडला. मी मात्र पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि मला किल्लीच फिरवता येईना. माझा ह्यांच्यावर जीव आहे, मी काही बेफिकीर बायको नाही, आणि तरी माझ्या तोंडून पहिलं तेच आलं. मध्यरात्री आपलं माणूस छातीत दुखतंय म्हणालं की ते खरं असावं असं मनाला वाटतच नसतं, मग मन आधी साधं कारण शोधतं आणि त्यालाच घट्ट धरून बसतं. तू तर बाबांना तीनदा "चला" म्हणाला होतास. वहिनीने हे मला तेव्हाच सांगितलं होतं, मी ते कानावरून जाऊ दिलं होतं.

त्यानंतर मी खूप वाचत सुटले. बाबांना वीस वर्षांची शुगर होती आणि शुगर जुनी असली की नसांवर परिणाम होतो, त्यामुळे हार्ट अटॅकसुद्धा कधी कधी नीट दुखत नाही, नुसतं अस्वस्थ वाटतं, पोटात जळजळतं, खांदा किंवा जबडा दुखतो, घाम येतो, कधी काहीच होत नाही. म्हणजे तुझ्यासमोर त्या रात्री "हार्ट अटॅक" नव्हताच, खांदा चोळून मागणारे आणि "गॅस झालाय, तू झोप" म्हणणारे बाबा होते. हार्ट अटॅक सकाळी झाला, म्हणजे त्याला ते नाव सकाळी मिळालं, आणि मी ते नाव उचलून मागे रात्रीवर नेऊन चिकटवलं.

ह्याचा अभ्यासही झालेला आहे. बारुख फिशहॉफ म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 1975 साली एक प्रयोग छापला. लोकांना इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या 1814 च्या लढाईची माहिती वाचायला दिली. एका गटाला सांगितलं इंग्रज जिंकले, दुसऱ्याला सांगितलं गुरखे जिंकले, अशी वेगवेगळी शेवटं सांगितली, आणि मग विचारलं की शेवट माहीत नसता तर तुम्हाला काय होईल असं वाटलं असतं. ज्याला जो शेवट सांगितला होता त्याला तोच आधीपासून दिसत होता असं वाटलं. शेवट डोक्यातून काढून विचार करा म्हटलं तरी लोकांना ते जमत नाही, आणि जमत नाहीये हे त्यांचं त्यांना कळतही नाही. मी हे वाचलं तेव्हा लायब्ररीत होते, पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसले. मी तुझ्यावर चार वर्षं खटला चालवला आणि पुरावा काय, तर मला निकाल आधीच माहीत होता.

म्हणून ती तीन पत्रं खोटी होती. "माफ केलं" म्हणायचं म्हणजे आधी "तू गुन्हा केलास" असं धरायचं. रॉबर्ट एनराइट हे विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक 1985 पासून ह्याच एका विषयावर काम करतायत, ते हा फरक फार नीट करतात. एखाद्याचं वागणं समजण्यासारखं होतं, त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं, तर तिथे माफीचा प्रश्नच येत नाही. माफी लागते ती खरंच अन्याय झालेला असतो तिथे. आणि माफ करणं म्हणजे विसरणं नाही, झालं ते बरोबर होतं असं म्हणणं नाही, पुन्हा त्या माणसासोबत राहायला लागणंही नाही. हे कळल्यावर मी माझ्या मनातली सगळी तक्रार बाहेर काढली आणि एकेक गोष्ट उलटसुलट करून बघितली, की ही खरी का, ही मी रचलेली का. "रात्री नेलं नाहीस" ही रचलेली निघाली. त्याबद्दल मी तुला माफ करत नाहीये. ते वाक्य मी परत घेते. जसं सगळ्यांच्या समोर बोलले तसंच सगळ्यांच्या समोर परत घ्यायचंय, त्यामुळे हे पत्र आईला आणि वहिनीला वाचून दाखव, निदान इथपर्यंत तरी. मला माफ करायचं की नाही ते तू तुझं बघ, मी ते मागतेय पण लगेच दे म्हणत नाही.

लहानपणी बाबा मुक्ताईची गोष्ट सांगायचे बघ, लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचं दार लावून आत बसतात आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून दार उघड म्हणून विनवते. ती गोष्ट सांगताना बाबा दर वेळी मला म्हणायचे, दादा रुसला की असं जायचं हं दाराशी. मला हे त्या पार्किंगमध्ये आठवलं. आपल्या घरात उलटंच झालं रे. दार तू लावलं नव्हतंस, मी बाहेरून कडी घातली होती, आणि वर चार वर्षं सगळ्यांना सांगत होते की दादा बोलत नाही.

पण दादा, सगळंच रचलेलं नव्हतं. हेही लिहायला हवं नाहीतर पुन्हा तेच खोटं होईल. मी म्हणाले होते एक दिवस थांबा, मी निघालेय, विमानात बसतेय, आणि तू थांबला नाहीस. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा सगळं आटोपून सोळा तास झाले होते. बाबांचा चेहरा मी बघितला नाही. त्यामुळे पुढचं दीड वर्ष मला मधूनमधून खरोखर वाटायचं की ते कुठेतरी आहेत, बस स्टॉपवर पाठमोरा कुणी म्हातारा माणूस दिसला की मी पुढे जाऊन तोंड बघायचे. नातेवाईकांनी घाई केली, तू एकटा होतास, आईची अवस्था वाईट होती, हे सगळं मला आता समजतं. समजतं तरी ते दुखतंच. आणि दुसरं म्हणजे आदल्या वर्षीचा तो रिपोर्ट. बाबांच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या आक्रसल्यात हे तुला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. मला माहीत असतं तर त्या उन्हाळ्यात मी तिकीट रद्द केलं नसतं. ह्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. ह्या मी "समजून घेतल्या" म्हणून मिटणाऱ्या नव्हत्या, ह्यांना माफीच लागली.

आणि ती मी केली. तुझ्यावर उपकार म्हणून नाही, आणि तू सॉरी म्हणण्याची वाट न बघता. कशी केली ते सांगते, कारण मलाच आधी वाटायचं की हे एका क्षणात होतं, डोळे मिटायचे, मोठा श्वास घ्यायचा आणि सोडून द्यायचं. तसं काही होत नाही. एनराइट आणि त्यांची विद्यार्थिनी सुझन फ्रीडमन यांनी 1996 साली एक अभ्यास छापला होता, लहानपणी घरातल्याच माणसाकडून अत्याचार झालेल्या 12 बायका, प्रत्येकीबरोबर आठवड्याला एकदा बसून हे काम केलं, तर सरासरी चौदा महिने लागले. चौदा महिने! शेवटी त्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालं, आशा वाढली. पण मला त्यातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली, की सुरुवात माफीने नाही होत, रागाने होते. आधी नीट चिडायचं, काय झालं ते पूर्ण बोलायचं, लाज वाटत असेल तर तीही बोलायची. आपल्याकडे आणि इथेही लोक पहिली पायरी गाळून थेट शेवटच्या पायरीवर ढकलतात, "जाऊ दे गं, झालं गेलं" म्हणतात, आणि मग ते आत कुजत राहतं.

मी इथे एका ग्रुपमध्ये जाते, घरातलं कुणी गेलेली माणसं दर पंधरा दिवसांनी भेटतात. तिथे एक बाई येतात, त्यांचा तरुण मुलगा दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने उडवला. त्या एकदा म्हणाल्या की मुलगा गेला हे एक ओझं, आणि भेटेल तो मला सांगतो की त्याला माफ कर म्हणजे तुला बरं वाटेल, हे दुसरं ओझं, म्हणजे मला बरं वाटत नाहीये हीसुद्धा माझीच चूक. खोलीत कुणी काही बोललं नाही. त्या कोर्टात केस लढतायत आणि लढायलाच हव्यात. माफी आणि शिक्षा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मनातून सोडलं म्हणून गुन्हेगाराला सोडावं लागत नाही. ज्या माणसाकडून अजूनही धोका आहे त्याच्याकडे परत जायला तर कुणी कुणाला माफीच्या नावाखाली सांगूच नये. तुझ्या माझ्यात तसं काही नव्हतं, म्हणून माझं काम त्या मानाने सोपं होतं.

एव्हरेट वर्दिंग्टन म्हणून अजून एक आहेत, अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. वर्षानुवर्षं माफीवर संशोधन करत होते आणि 1995 च्या शेवटच्या रात्री त्यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोराने खून केला. त्यांनी स्वतः सांगितलंय की पहिल्यांदा त्यांना बेसबॉलची बॅट दिसली आणि वाटलं तो समोर आला तर ह्याच बॅटने डोकं फोडेन. ज्याने आयुष्य ह्या विषयाला दिलं त्यालाही हे वाटलं, हे वाचून मला माझ्या रागाची भीती वाटायची कमी झाली. ते म्हणतात माफीचे दोन भाग असतात. एक ठरवायचा, की मी ह्याचा सूड घेणार नाही, ह्याच्याशी माणसासारखं वागेन. तो एका दिवसात होऊ शकतो. दुसरा भाग भावनेचा, तो स्वतःच्या गतीने येतो, कधी येतो आणि परत जातो. मी पहिला भाग मे महिन्यात ठरवला. दुसरा अजून चाललाय. कधी कधी आठवड्याभर काही वाटत नाही आणि मग कुणाच्या तरी वडिलांचा हॉस्पिटलमधला फोटो दिसतो आणि "एक दिवस थांबला असता तर" हे सुरू होतं. पूर्वी मी ते तासन्‌तास घोळवायचे, पाठ आखडायची, रात्री दात आवळून झोपायचे. आता आलं की मी बघते, हो आलंय, आणि तुला त्या दिवशी कसं झालं असेल ते डोळ्यासमोर आणते, तू, आई, घरभर माणसं, प्रत्येक जण तुलाच विचारतोय आता पुढे काय. शार्लट विटव्हलिएट नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2001 साली 71 विद्यार्थ्यांवर नेमकं हेच मोजलं होतं. दुखावल्याची गोष्ट मनात घोळवायला लावलं की हृदयाचे ठोके, ब्लड प्रेशर, घाम, कपाळाचा ताण सगळं वर जायचं, आणि समोरच्याला माणूस म्हणून बघायला, माफ करायला सांगितलं की तेच उतरायचं. मला मशीन लावायची गरज पडली नाही, माझा जबडाच सांगतो.

आता सगळ्यात अवघड. रिपोर्ट लपवला तो तू नाही, बाबांनी. "तिला सांगू नका, ती तिथे एकटी काळजी करेल" हे त्यांनी तुझ्याकडून वचन घेऊन सांगितलं होतं, हे वहिनीने मला मागच्या वर्षी सांगितलं. आणि रात्री हॉस्पिटलला यायला नकार दिला तोही बाबांनीच. मला बाबांचा राग आला दादा. इतका आला की मी त्यांचा फोटो दोन महिने कपाटात ठेवला होता. गेलेल्या माणसावर चिडायचं नसतं असं आपल्याला वाटतं, म्हणून तो राग जिवंत माणसावर काढतो, जो जवळ आहे त्याच्यावर, आणि जवळ तू होतास. ग्रुपमध्ये मी हे पहिल्यांदा मोठ्याने बोलले तेव्हा माझा आवाज थरथरत होता, आणि समोरच्या चार जणांनी मान हलवली, त्यांचंही तेच होतं. बाबा उत्तर देणार नाहीत, सॉरी म्हणणार नाहीत, पण त्यांच्याशी मी रोज थोडं बोलते. का नाही सांगितलंत मला, मी मोठी झाले होते ना. हळूहळू त्यातला राग कमी होऊन खाली नुसतं दुःख उरतंय, आणि दुःख मला चालतं, दुःखात बाबा आठवतात तरी. राग असायचा तेव्हा मला फक्त ती एक रात्र आठवायची, त्यांची बाकीची एकाहत्तर वर्षं दिसायचीच नाहीत.

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, ह्यांनाही आत्ता पंधरा दिवसांपूर्वी सांगितली. त्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे तुमच्याकडे साधारण सात वाजले असतील, बाबांचा मला फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होते. फोन कट केला आणि मेसेज टाकला, "बाबा नंतर करते." नंतर विसरले. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा स्क्रीनवर त्याच्या बरोबर खाली बाबांचा मिस्ड कॉल दिसत होता. आणि मी तुला म्हणाले की तू रात्रीच नेलं असतंस तर. समजतंय का तुला? तो फोन घेतला असता तर त्यांचा आवाज ऐकून मला काही कळलं असतं का, ते मला म्हणाले असते का की बरं वाटत नाहीये, हे कधीच कळणार नाही. ते न कळणं मला सहन होत नव्हतं, म्हणून मी ते उचलून तुझ्या गळ्यात घातलं.

वर्दिंग्टन यांच्या बाबतीतही पुढे असंच झालं. आईला मेलेलं पहिल्यांदा बघितलं त्यांच्या भावाने, त्याच्या डोळ्यासमोरून ते कधी गेलं नाही आणि 2005 मध्ये त्याने आत्महत्या केली. आईच्या खुन्याला माफ करणाऱ्या ह्या माणसाला स्वतःला माफ करता येईना, की मी इतका शिकलेला, भावाला का नाही वाचवू शकलो. मी हे वाचलं आणि मला घाम फुटला. मी भावाला जिवंत असताना गमवत होते. तुझं ब्लड प्रेशर वाढलंय, तू रात्री झोपत नाहीस, हे आई सांगायची आणि मी "हं" म्हणायचे. मी तुझ्यावर टाकलेलं ते वाक्य तू रोज रात्री ऐकतोस की काय, हा विचार मला फेब्रुवारीनंतर सोडत नाहीये. म्हणून सांगते, डॉक्टरकडे जा, आणि फक्त बीपीसाठी नको, जो कुणी ऐकून घेईल अशाकडे जा. वर्ष उलटून गेल्यावरही दुःख रोजचं जगणं अडवत असेल तर त्याला आता डॉक्टर आजार म्हणून ओळखतात, त्यावर उपचार आहेत, त्यात कमीपणा काही नाही. मी स्वतःला अजून पूर्ण माफ केलेलं नाही, तो मिस्ड कॉल मी डिलीट केलेला नाही, पण आता तो बघून मला पळून जावंसं वाटत नाही.

आईबद्दल एक. मी आईला काहीही म्हणणार नाहीये, तूही म्हणू नकोस. ती तुझ्यावर, माझ्यावर, बाबांवर, हॉस्पिटलवर कुणावर चिडलेली असेल तर असू दे, तिचं ती बघेल. इव्हा कोर यांचं मला ह्यासाठी फार पटलं. लहानपणी त्यांच्यावर आणि त्यांच्या जुळ्या बहिणीवर ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत मेंगेले नावाच्या डॉक्टरने प्रयोग केले होते, आणि 1995 साली, सुटकेला 50 वर्षं झाली तेव्हा, तिथेच जाऊन त्यांनी नाझींना माफ केल्याचं जाहीर केलं. तिथून वाचलेले दुसरे कितीतरी लोक त्यांच्यावर भयंकर चिडले. त्या म्हणत राहिल्या की मी फक्त माझ्या नावाने माफ करतेय, दुसऱ्या कुणाच्याही नावाने नाही. चिडलेल्या लोकांचंही मला चुकलं असं वाटत नाही. दोघांनाही आपापल्या मनाचा हक्क आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांसाठी 1996 पासून आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली जो आयोग बसला त्याचं नावच सत्य आणि समेट असं होतं, सत्य आधी. माफीसाठी सात हजारांवर अर्ज आले आणि त्यातले थोडेच मंजूर झाले. ज्याला कायद्याची माफी हवी त्याने काय केलं ते सगळ्यांसमोर पूर्ण सांगायचं, ही अट होती, पश्चात्ताप झालाच पाहिजे अशी अट नव्हती. कितीतरी घरच्यांना ती माफी मान्य नव्हती, पण आपलं माणूस कुठे, कसं गेलं हे तरी त्यांना कळलं. मला वाटतं माणसाला आधी तेच हवं असतं.

मलाही. दादा, त्या रात्री अकरापासून तीनपर्यंत तू बाबांच्या पायाशी बसला होतास असं वहिनी म्हणाली. चार तास. तेवढे त्यांचे शेवटचे तास फक्त तुझ्याकडे आहेत, आणि मी तुझ्यावर आरोप करत बसले म्हणून मला ते कधी विचारताच आले नाहीत. ते काय बोलत होते? झोपले होते का मध्ये? हसले का कशावर? माझं नाव काढलं का, नसेल काढलं तरी तसंच सांग, मी रडणार नाही असं म्हणत नाही पण तू "असू दे" म्हणू नकोस. रविवारी तुमच्या सकाळी नऊ वाजता मी फोन करेन, आईच्या नाही, तुझ्या नंबरवर. उचलावासा नाही वाटला तर नको उचलूस, मी पुढच्या रविवारी परत करेन.

तुझी,
धाकटी